अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज: मतं का जुळत नाहीत आणि निवड कशी करावी

एकाच अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एक जाणकार म्हणतो, 'आवाज गोड आहे, भरलेला आहे, गायक समोर बसल्यासारखा वाटतो.' दुसरा तितकाच जाणकार त्याच यंत्राला 'सुस्त आणि गढूळ' ठरवतो. तिसरा दोघांनाही मोडीत काढतो: 'नीट बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा आवाज नसतोच. तुम्ही ऐकता ती किंमत आणि नाव.' तिघंही मनापासून बोलत असतात. ज्याला खरोखर पैसे खर्च करून यंत्र घरी आणायचं आहे, त्याने मात्र कोणाचं ऐकावं हे त्याला कळत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. माणसं एकट्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल बोलतात, पण ऐकत असतात ती एक जोडी: अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला लावलेले स्पीकर, तेही एका ठरावीक खोलीत आणि ठरावीक पातळीला. जोडी बदलली की मत बदलतं. म्हणून कोणतंही मत वाचताना आधी त्यामागची जोडी शोधावी. असं केलं की बरेचसे मतभेद आपोआप सुटतात आणि उरलेले घरच्या घरी तपासता येतात.

वाद जुना आहे

इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या मते अ‍ॅम्प्लिफायरने आलेला सिग्नल मोठा करावा आणि त्यात स्वतःचं काहीही मिसळू नये. त्यांच्या कंपनीने १९५३मध्ये क्वाड टू हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर काढला, १९६७मध्ये ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि १९७५मध्ये अगदी निराळ्या रचनेचा ४०५. पुढे जेम्स मॉयर यांनी या तिघांची तुलना घडवून आणली. कोणतं यंत्र चालू आहे हे श्रोत्यांना सांगितलं नव्हतं आणि आवाजाची पातळी काटेकोरपणे सारखी ठेवली होती. १९७८च्या 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये त्याचा वृत्तान्त आला. तीन पिढ्यांमधली ही तीन यंत्रं श्रोत्यांना खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही भक्कम आधार होता. सुरुवातीच्या काळातले अनेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर कागदावर व्हॉल्व्हपेक्षा सरस होते, पण कानाला बोचायचे. १९७०मध्ये फिनलंडचे मॅटी ओटाला यांनी त्यामागचं एक कारण मांडलं. सिग्नल अतिशय वेगाने बदलला की संथ सर्किटमधला फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत आत देऊन चूक सुधारण्याची सोय) मागे पडतो आणि तेवढ्या क्षणापुरतं डिस्टॉर्शन उसळतं. एका स्थिर सुरावर मोजलेला आकडा हे दाखवत नाही. म्हणजे कानांनी केलेली तक्रार खरी होती आणि तेव्हाची मोजमापं अपुरी होती. कानांवर भिस्त ठेवणारी नियतकालिकंही याच काळातली. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२मध्ये 'स्टीरिओफाइल' सुरू केलं आणि हॅरी पिअरसन यांनी १९७३मध्ये 'दि अ‍ॅब्सोल्यूट साउंड'. आज अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजासाठी वापरली जाणारी बहुतेक विशेषणं याच परंपरेतून आली आहेत.

१९८७मध्ये अमेरिकेच्या 'स्टीरिओ रिव्ह्यू'ने सुमारे २२० डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या फटरमन व्हॉल्व्ह जोडीपर्यंत अनेक अ‍ॅम्प्लिफायर पडद्याआड ऐकवले. उत्तरं नाणेफेकीच्या जवळपास राहिली.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत शिकवून जाणारा प्रसंग १९८५चा वाटतो. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने 'स्टीरिओफाइल'ला आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कोणताही महाग अ‍ॅम्प्लिफायर निवडा, मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हुबेहूब त्याच्यासारखा करून दाखवतो. संपादकांनी एक मोठा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर पुढे ठेवला. सुरुवातीला त्यांना दोघांमधला फरक स्वच्छ ऐकू येत होता. कार्व्हरने दोन्ही यंत्रांना एकच सिग्नल देऊन त्यांच्या आउटपुटमधला फरक मोजला आणि सर्किटमध्ये बदल करत तो कमी करत नेला. तो फरक मूळ सिग्नलच्या ७० डेसिबल खाली गेला, म्हणजे सुमारे ३००० पटींनी लहान झाला, तेव्हा संपादकांना फरक ऐकू येईना. त्यावरून पुढे काढलेल्या विक्रीच्या मॉडेलबद्दल वाद झाले. पण धडा पक्का आहे. आवाजाचा वेगळेपणा खरा असू शकतो, त्याला शोधता येणारं कारण असतं आणि ते कारण काढून टाकलं की वेगळेपणाही जातो.

म्हणजे 'सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच' हेही चूक आणि 'महागड्या यंत्रात मोजमापापलीकडचं काहीतरी असतं' हेही चूक. आता ती कारणं पाहू.

फरक कुठून येतो

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स. स्पीकरवर '८ ओहम' असं छापलेलं असलं तरी तो आकडा नावापुरता असतो. एकाच स्पीकरचा इम्पीडन्स एखाद्या फ्रीक्वेन्सीला ४ ओहमपर्यंत उतरतो, तर दुसऱ्या एखाद्या जागी ३० ओहमपर्यंत चढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स २ ओहम असेल, तर ४ ओहमच्या जागी सुमारे साडेतीन डेसिबलची घट होते आणि ३० ओहमच्या जागी फक्त अर्ध्या डेसिबलची. म्हणजे स्पीकरच्या आवाजात ३ डेसिबलचा उंचसखलपणा वाढला. एवढा फरक कोणालाही ऐकू येतो. तोच स्पीकर ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर लावला, तर हा फरक जेमतेम ०.१ डेसिबल राहतो.

३००बी व्हॉल्व्हच्या आणि फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असा मोठा आउटपुट इम्पीडन्स नेहमी आढळतो. त्यामुळे एका घरात त्याचा बास फुगलेला वाटतो, दुसऱ्या घरात गळा पुढे आलेला वाटतो आणि तिसऱ्या घरात वरचे सूर मऊ वाटतात. तिघांचे स्पीकर वेगळे असतात, म्हणून तिघांची मतं वेगळी पडतात. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा इम्पीडन्स वरच्या फ्रीक्वेन्सींना खूप खाली येतो. तिथे असा अ‍ॅम्प्लिफायर वरचा भाग हटकून मवाळ करतो. माहितीपत्रकात आउटपुट इम्पीडन्सऐवजी डॅम्पिंग फॅक्टर दिलेला असेल, तर ८ला त्या आकड्याने भागा. डॅम्पिंग फॅक्टर ४ म्हणजे २ ओहम, १६० म्हणजे ०.०५ ओहम. डॅम्पिंग फॅक्टर ५०च्या वर असेल, तर या कारणाने पडणारा फरक बहुतेक स्पीकरवर नगण्य असतो. त्यापुढे ५००, १००० असे आकडे पाहून जास्त पैसे मोजू नयेत.

क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरबद्दलची परस्परविरोधी मतंही इथेच येतात. पूर्वीच्या अनेक क्लास डी यंत्रांत शेवटचा फिल्टर फीडबॅकच्या कक्षेबाहेर असायचा. त्यामुळे वरच्या फ्रीक्वेन्सींचा आवाज स्पीकरप्रमाणे बदलायचा. कोणाला तो टोचायचा, कोणाला बोथट वाटायचा. ब्रूनो पुटझेस यांच्यासारख्या अभियंत्यांनी फिल्टरही फीडबॅकमध्ये घेतला आणि हा दोष जवळजवळ संपला. म्हणून क्लास डीवरचं मत वाचताना ते कोणत्या पिढीच्या यंत्राबद्दल आहे हे आधी पाहावं.

दुसरं कारण ताकद. समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे. १ वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल, १० वॅटला ९७, १०० वॅटला १०७. घरातलं नेहमीचं ऐकणं सरासरी एका वॅटच्या आतच उरकतं. पण संगीताचे क्षणिक उंचवटे सरासरीच्या १५-२० डेसिबल वर जातात, म्हणजे त्या क्षणी तीस ते शंभर पट ताकद लागते. तबल्याची मोकळी थाप, पखवाजाचा 'धा', ऑर्केस्ट्राचा एकदम उसळणारा भाग ही त्याची उदाहरणं. आठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर तिथे क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. व्हॉल्व्हचा साधा अ‍ॅम्प्लिफायर हळूहळू दबत जातो, त्यामुळे कानाला ते 'घट्ट' किंवा 'गोड' वाटू शकतं. भरपूर फीडबॅकचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर एकदम तुटतो आणि कर्कश लागतो. पुष्कळदा 'हा ट्रान्झिस्टर कर्कश आहे' या तक्रारीचं खरं कारण अ‍ॅम्प्लिफायर लहान असणं हे असतं.

तिसरं कारण करंट पुरवण्याची क्षमता. १९८०च्या दशकात अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबन स्पीकर सुमारे १ ओहमच्या जोडणीवर चालायचा. भलेभले अ‍ॅम्प्लिफायर त्यापुढे थकायचे आणि क्रेल कंपनीची अवजड यंत्रं तो सहज पेलायची. त्या काळात क्रेलची जी वाहवा झाली, तिच्यामागे असे कठीण स्पीकर होते. तोच क्रेल सोप्या स्पीकरवर लावला, तर त्याचं मोठेपण दिसायला जागाच उरत नाही. उलट बीबीसीने घडवलेल्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरची मूळ आवृत्ती १५ ओहमची. करंटच्या दृष्टीने ती फारच सोपी, त्यामुळे माफक ताकदीच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी तिची जोडी अनेक रसिकांच्या मनात घर करून बसली. माहितीपत्रकात ८ ओहम आणि ४ ओहम अशा दोन्हींची ताकद पाहावी. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला २०० किंवा त्याच्या आसपास आकडा असेल, तर यंत्राचा पॉवर सप्लाय दमदार आहे.

चौथं कारण डिस्टॉर्शनचं रूप. आकडा किती यापेक्षा ते कोणत्या जातीचं आहे हे महत्त्वाचं. दुसरा हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा, वरच्या सप्तकातला तोच सूर. मूळ सूर षड्ज धरला, तर तिसरा हार्मोनिक म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. तानपुऱ्याच्या एकाच तारेतून हे सहायक नाद आधीच उमटत असतात. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरने दुसऱ्या हार्मोनिकची थोडी भर घातली, तरी ती संगीतात मिसळून जाते आणि कित्येकांना ती भर आवडते. सातवा, नववा असे वरचे हार्मोनिक मात्र अगदी थोडे असले तरी खरखरीत लागतात. क्लास बी सर्किटचं बायस नीट नसेल, तर हळू आवाजातच असं डिस्टॉर्शन निघतं आणि त्यालाच कान आधी कंटाळतात.

या मुद्द्यावर थोर अभियंत्यांमध्येही दोन पंथ आहेत. इंग्लंडच्या डग्लस सेल्फ यांनी डिस्टॉर्शनचा एकेक स्रोत शोधून तो काढून टाकण्याची पद्धत घालून दिली. अमेरिकेच्या नेल्सन पास यांनी कमीत कमी पायऱ्यांची सर्किटं केली आणि उरलेल्या डिस्टॉर्शनचा पोत कसा असावा याचा विचार केला. एकाला रेकॉर्डिंग जसंच्या तसं हवं आहे, दुसरा ऐकणाऱ्याच्या आनंदाला महत्त्व देतो. आपल्याला यातलं काय हवं आहे हे स्वतःशी ठरवल्याशिवाय कोणाच्याही मताचा उपयोग होत नाही.

पाचवं कारण जोडणीतल्या बारीकसारीक गोष्टी. नेम कंपनीने कित्येक वर्षं आपल्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरसाठी प्रत्येक बाजूला किमान साडेतीन मीटर स्पीकरची वायर वापरायला सांगितलं, कारण त्या सर्किटच्या स्थैर्यासाठी वायरचा इंडक्टन्स गृहीत धरला होता. दीड मीटर वायर लावून त्याचा आवाज जोखणारा माणूस वेगळंच यंत्र ऐकत असतो. ताकद आणि गेन यांचीही गल्लत होते. बटण थोडंसं फिरवताच मोठा आवाज आला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ताकदवान ठरत नाही; त्याचा गेन जास्त आहे एवढंच त्यातून कळतं. तसंच शंभर डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या हॉर्न स्पीकरवर जी हिस ऐकू येते, ती ८५ डेसिबलच्या स्पीकरवर ऐकूच येणार नाही.

मत वाचताना विचारायचे चार प्रश्न

कोणी अ‍ॅम्प्लिफायरची स्तुती किंवा निंदा केली की मनात चार प्रश्न विचारा.

एक, स्पीकर कोणते होते? उत्तर नसेल, तर ते मत अर्धवट आहे. तुमच्या स्पीकरसारख्या सेन्सिटिव्हिटीच्या आणि इम्पीडन्सच्या स्पीकरवरचं मत दुसऱ्या दहा मतांपेक्षा मोलाचं.

दोन, खोली केवढी होती आणि किती मोठ्याने ऐकलं? बंगल्याच्या दिवाणखान्यात कमी पडलेली ताकद दहा बाय बाराच्या खोलीत पुरून उरते.

तीन, तुलना कशाशी केली आणि दोघांची पातळी जुळवली होती का? कानाची रीत अशी आहे की आवाज किंचित मोठा झाला, तर तो मोठा न वाटता 'जास्त चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवलं की आवाज वाढला की खालचे सूर कानाला त्या प्रमाणापेक्षा जास्त भरीव वाटू लागतात. एका डेसिबलचा फरकही 'अधिक भरीव, अधिक खोली असलेला' अशा शब्दांत उतरतो.

चार, ऐकणाऱ्याला काय चालू आहे ते ठाऊक होतं का? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये स्पीकरवर केलेल्या प्रयोगात तेच श्रोते स्पीकर दिसत असताना एक गुण देत आणि पडद्याआड असताना दुसरे. त्यात अनुभवी श्रोतेही होते. डोळ्यांना दिसलेलं कानांच्या निर्णयात मिसळतं. हा माणसाच्या मेंदूचा स्वभाव आहे, त्यात अप्रामाणिकपणा नाही. म्हणून ज्याचं मत पटत नाही त्याला खोटं ठरवू नये आणि स्वतःच्या मताचीही अवाजवी खात्री बाळगू नये.

घरी न्याय्य तुलना कशी करावी

दुकानदाराकडून यंत्र आठवडाभर घरी आणता आलं तर उत्तमच. नाहीतर मित्राचं आणावं. आधी सुरक्षिततेचं. दोन अ‍ॅम्प्लिफायर एकाच वेळी एका स्पीकरला कधीही जोडू नयेत. वायर बदलण्याआधी दोन्ही यंत्रं बंद करावीत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालवू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिघडू शकतो. काही क्लास डी आणि ब्रिज केलेल्या यंत्रांत स्पीकरचं काळं टर्मिनल अर्थला जोडलेलं नसतं, त्यामुळे दोन यंत्रांच्या काळ्या वायरी एकत्र करू नयेत. बाजारात मिळणारा स्विच-बॉक्स वापरणार असाल, तर तो लाल-काळ्या अशा दोन्ही वायरी तोडणारा आहे याची खात्री करा.

मग पुढच्या पायऱ्या.

१. ४०० हर्ट्झच्या आसपासचा चाचणी सूर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच व्होल्टवर आणा. एक २.०० व्होल्ट आणि दुसरा २.०२ व्होल्ट असेल, तर फरक ०.१ डेसिबलच्या आत आला आणि तेवढं पुरे. एक २.०० आणि दुसरा २.२४ असेल, तर एका डेसिबलचा फरक आहे, अशा तुलनेला अर्थ नाही. बटणावरच्या खुणांवर विसंबू नका.

२. दोन्ही बाजूंचे स्पीकर मोजा. कमी किमतीच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये डाव्या-उजव्या बाजूंत फरक असतो, विशेषतः बटण अगदी खाली असताना. गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटला, तर कारण बहुधा हेच.

३. पाठीशी एक मदतनीस घ्या. त्याने नाणं उडवून कोणतं यंत्र लावायचं ते ठरवावं, लिहून ठेवावं आणि तुमच्या नजरेआड जोडावं. यंत्रं कापडाखाली झाकलेली असावीत. मदतनिसाने बोलू नये आणि चेहऱ्यावरून काही कळू देऊ नये.

४. एकच छोटा तुकडा, वीस-तीस सेकंदांचा, आलटून पालटून ऐका. ध्वनीच्या पोताची बारीक आठवण काही सेकंदांतच पुसट होते, म्हणून मधला वेळ शक्य तितका कमी ठेवा.

५. निदान दहा फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीत कोणतं यंत्र वाजतंय ते ओळखा. दहापैकी नऊ बरोबर आल्या, तर केवळ नशिबाने तसं घडण्याची शक्यता शंभरात सुमारे एक. सोळा फेऱ्यांत बारा बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या जवळपास. दहापैकी सहा-सात बरोबर आल्या, तर फरक सिद्ध झाला असं म्हणू नका.

झाकून ऐकण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: घाईत आणि दडपणाखाली बारकावे निसटतात. आक्षेपात तथ्य आहे, पण उपायही सोपा आहे. यंत्रं कापडाखाली ठेवून मदतनिसाला आठवडाभराने बदलायला सांगा, कोणतं लावलंय ते कळू देऊ नका आणि रोजच्यासारखं ऐका. कोणत्या आठवड्यात गाणं संपवावंसं वाटलं नाही आणि कोणत्या आठवड्यात ऐकणं सोडून लवकर उठलात, याची नोंद ठेवा. कानाला येणारा थकवा अशाच पद्धतीने कळतो.

झाकून फरक ओळखता आला नाही, तर निराश व्हायचं कारण नाही. कमी किमतीचं यंत्र निर्धास्तपणे घ्यायची मोकळीक तुम्हाला मिळाली. ओळखता आला, तर तो फरक तुम्हाला आवडतो का हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फक्त तुमचंच असेल.

काय ऐकावं

तुलनेसाठी तेच ऐका जे तुम्हाला पाठ आहे. तानपुऱ्यांच्या जोडीचं संथ वाजणं हळू आवाजातल्या डिस्टॉर्शनची फार चांगली परीक्षा घेतं. जवारीतून निघणारे बारीक सहायक नाद सुटे आणि स्वच्छ ऐकू येतात, की एकमेकांत चिकटतात? कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणांत तानपुरे फार काळजीने मिळवलेले असतात, म्हणून ती या कामाला उत्तम. डग्ग्याची मींड बासची उंचसखल बाजू उघडी करते. मींड खालून वर जाताना एखादा सूर एकदम फुगला, तर स्पीकरच्या इम्पीडन्सचा उंचवटा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स एकत्र काम करत आहेत असं समजा. किशोरी आमोणकरांचा तार सप्तकातला लांबवलेला सूर वरच्या भागातला कडकपणा लगेच दाखवतो. भीमसेन जोशींची जोरकस तान नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात लावून क्लिपिंग होतं का ते पाहा. शेवटी एखादं मोठं ऑर्केस्ट्रल ध्वनिमुद्रण किंवा भरगच्च चित्रपटगीत लावा. सगळी वाद्यं एकत्र आल्यावरही गाण्याचे शब्द कळायला हवेत.

आपल्या घराचा विचार

परदेशी समीक्षेतलं मत आपल्या घरी आणताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली खोली. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फरशी उघडी, भिंती पक्क्या विटा-सिमेंटच्या आणि पडदे पातळ. अशी खोली वरचे सूर परत फेकते आणि सगळाच आवाज कडक करते. तिथे कोणताही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर 'कोरडा' वाटेल आणि माणूस मवाळ व्हॉल्व्हच्या शोधात निघेल. आधी एक जाड सतरंजी किंवा गालिचा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि जाड पडदे करून पाहा. एवढ्याने जो बदल होतो, तो बहुतेक दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

दुसरी गोष्ट उष्णता. क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर गाणं वाजत नसतानाही शे-दोनशे वॅट वीज खाऊन तिची उष्णता करतो. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेलं असं यंत्र स्वतःचं आयुष्य कमी करतं. चारही बाजूंनी हवा खेळेल अशी जागा नसेल, तर क्लास एबी किंवा आधुनिक क्लास डी घ्यावा. व्हॉल्व्हमध्ये कित्येक शे व्होल्टचा पुरवठा असतो आणि यंत्र बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो काही वेळ टिकतो. घरात लहान मुलं असतील, तर जाळी काढू नये आणि यंत्र स्वतः उघडू नये.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. व्हॉल्व्ह झिजतात, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर काही वर्षांनी सुकतात. जुनं नामांकित यंत्र स्वस्तात मिळालं, तर त्याचे कॅपॅसिटर बदललेत का आणि बायस तपासलाय का हे विचारावं. न तपासलेल्या जुन्या यंत्रावरून त्या मॉडेलच्या आवाजाबद्दल मत बनवलं, तर त्या अभियंत्यावर अन्याय होतो. आपल्या शहरात किंवा जवळपास ते दुरुस्त करणारा माणूस आहे का, हे घेण्याआधी शोधावं.

निवडीचा क्रम

पैसे खर्च करण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी स्पीकर, कारण स्पीकरमधले फरक झाकून ऐकतानाही सहज ओळखू येतात. मग खोली. मग त्या स्पीकरला पुरेल इतकी ताकद आणि करंट देणारा, हिस-हम नसलेला, घरात थंड राहणारा आणि दुरुस्त होऊ शकणारा अ‍ॅम्प्लिफायर. हे निकष पार केलेल्या यंत्रांमध्ये आवाजाचा फरक थोडा उरतो. तिथे दिसणं, हाताळणं, कंपनीची सेवा यांना महत्त्व द्यायला काहीच हरकत नाही. सुबक यंत्राचा आनंदही खराच आहे, फक्त तो कानांच्या खात्यात मांडू नये.

तुम्हाला गोडवा हवा असेल, तर तो मिळवण्याचे उघड मार्ग आहेत. मॅकिन्टॉश, अ‍ॅक्युफेज, लक्समन यांसारख्या कंपन्या त्यांच्या महागड्या यंत्रांतही टोन कंट्रोल देतात. ट्रेबल एखाद्या डेसिबलने उतरवून पाहा. जे तुम्हाला 'व्हॉल्व्हचा गोडवा' वाटत होतं, ते तिथेच सापडलं तर खर्च वाचला. नाही सापडलं आणि व्हॉल्व्हच हवासा वाटला, तर सेन्सिटिव्हिटी ९२-९५ डेसिबलची आणि इम्पीडन्स फार खाली न जाणारा असा स्पीकर शोधा आणि जोडी म्हणूनच ती घ्या. तिच्या रंगाला दोष मानू नका, पण तो रंग तुमच्या आवडीचा आहे हे ओळखून घ्या.

मित्राला आपलं मत सांगताना मागची जोडीही सांगायची सवय लावा: हे स्पीकर, एवढी खोली, एवढी पातळी, याच्याशी तुलना केली, पातळी जुळवून किंवा न जुळवता. 'हा अ‍ॅम्प्लिफायर गोड आहे' एवढं वाक्य ऐकणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही. 'माझ्या ८६ डेसिबलच्या, ४ ओहमच्या स्पीकरवर, छोट्या खोलीत, माझ्या जुन्या यंत्राच्या तुलनेत हा मला मवाळ वाटला' हे वाक्य दुसऱ्याचे लाखभर रुपये वाचवू शकतं. अशी मतं वाढली, तर नव्याने या छंदात येणाऱ्याला गोंधळात न पडता लवकर गाण्यापर्यंत पोहोचता येईल.